‘१७७६चे कागद आठवीला कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, आभार. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे मूळ कागद आठवीच्या वर्गात वाचावेत, या माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप दोन. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांनाही १७७६चं इंग्रजी झेपत नाही. आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसं समान’ लिहिणारा थॉमस जेफरसन स्वतः गुलाम बाळगत होता, तेव्हा तो जाहीरनामा वर्गात वाचणं म्हणजे त्याची आरती ओवाळणं.

भाषेचं आधी. अख्खा जाहीरनामा १३००हून जास्त शब्दांचा. तो एका तासिकेत रेटला तर मुलं हातची जाणारच. म्हणून उतारा १५० शब्दांच्या आत ठेवायचा. गाळलं तिथे टिंबं, अडणाऱ्या पाच-सहा शब्दांचे अर्थ समासात, पहिलं वाचन शिक्षकाचं, मोठ्यानं. वाक्यं मात्र सोपी करून द्यायची नाहीत. तसं केलं की मुलं शिक्षकालाच वाचत बसतात, कागद बाजूला राहतो.

आता जेफरसन. त्याचं ढोंग झाकतो तो पाठ्यपुस्तकातला सारांश. कागद ते उघडं पाडतात. त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर एक जळजळीत परिच्छेद होता. काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, तो काढला. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या गुलाम बाळगणाऱ्या वसाहतींची मर्जी राखायला, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलंय. बरेच वर्ग इथेच फसतात. परिच्छेदाचा पहिला अर्धा भाग दिला जातो आणि ‘जेफरसन गुलामगिरीविरुद्ध होता’ म्हणत मुलं घरी जातात. शेवटपर्यंत वाचलं तर सगळं खापर ब्रिटनच्या राजावर, आणि वर तक्रार अशी की राजा याच गुलामांना आमच्यावर शस्त्र उचलायला चिथावतोय! ही ओळ कळायला व्हर्जिनिया वसाहतीतला राजाचा गव्हर्नर डनमोर याचा नोव्हेंबर १७७५चा फतवा शेजारी हवा: बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील, ते मुक्त.

शेवटचा कागद माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. १३ जानेवारी १७७७ रोजी प्रिन्स हॉल आणि इतर कृष्णवर्णीयांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. जाहीरनाम्याला जेमतेम सहा महिने झाले होते. स्वातंत्र्याचा नैसर्गिक, हिरावून न घेता येणारा हक्क इतर सर्व माणसांइतकाच आमचाही आहे, असं ते बजावतात. स्पेलिंग वेडंवाकडं आहे. ते तसंच ठेवा. मुलांना जाहीरनामा आणि हा अर्ज शेजारी देऊन जुळणाऱ्या जागा अधोरेखित करायला लावा, मग विचारा: नेमकी मागणी काय? गुलामगिरीतून सुटका, आणि इथे जन्मलेली मुलं २१ वर्षांनंतर गुलाम राहू नयेत. ‘२१च का?’ यावर वर्ग आपोआप पेटतो. विधिमंडळानं ही मागणी मान्य केली नाही. १७८३मध्ये तिथल्या न्यायालयानं १७८०च्या राज्यघटनेतल्या ‘स्वतंत्र आणि समान’ या कलमावर बोट ठेवून गुलामगिरी तिच्याशी विसंगत ठरवली.

तेव्हा आरती कुठली? हे अर्जदार तर सत्तेला तिच्याच शब्दांत पकडत होते.

एकच तासिका हातात असेल तर मसुदा आणि फतवा सोडा. जाहीरनाम्याची सुरुवात आणि हा अर्ज, एवढेच द्या. गाळलेला परिच्छेद घाईत उरकण्यापेक्षा न दिलेला बरा.