‘अहो बाई, घाबरवू नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टरसाहेब, अंग बाहेर येण्यावरच्या, म्हणजे गर्भाशय किंवा योनीचा भाग खाली सरकण्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘अहो बाई, तुम्ही डॉक्टर नाही. योनीमार्गातून बसवलेली जाळी वेगळी, पोटातून बसवलेली वेगळी. शिरोडकरांचं कौतुक करता, त्यांच्या ऑपरेशनातही पट्टीच असते. बायकांना घाबरवू नका.’ (जाळी म्हणजे खाली आलेलं अंग धरून ठेवायला आत बसवतात ती कृत्रिम जाळी; शिरोडकर म्हणजे अंग वर बांधायचं ऑपरेशन ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते डॉक्टर.)

आधी माझी चूक. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली ती एप्रिल २०१९ मध्ये. मी २०१८ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

आता ‘अहो बाई’. गोव्यात कुणी ‘गे बाये’ म्हणालं तर त्यात माया असते. तुमच्या ‘अहो बाई’त ती शोधून सापडली नाही.

आणि घाबरवलं कुणी? माझी तीन बाळंतपणं. फोंड्याच्या बाजारातून पिशव्या घेऊन बस चढले की खाली काहीतरी सरकायचं, संध्याकाळपर्यंत मांड्यांत लिंबाएवढा गोळा. बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवी होत नसे. दोन वर्षं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. शेवटी डॉक्टरकडे गेले, तर पाच मिनिटांत निकाल: ‘गर्भाची पिशवी काढून टाकू, आता तिचं काय काम?’ योनीत रिंग बसवून अंग वर धरता येतं, पिशवी ठेवूनही ती वर बांधता येते, यातलं अवाक्षर नाही. पिशवी काढल्यावर योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो, हेही नाही. माझा चार वर्षांनी आला.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पॅडवर चित्र काढलं. वरचा भाग आतल्या लिगामेंटला, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या चिवट बंधाला, टाक्यांनी बांधायचा, की पोटातून जाळी लावून माकडहाडाच्या वरच्या हाडाला टांगायचा, की नुसती रिंग. कशात परत खाली यायची भीती जास्त, कशात जाळी टोचायची, सगळं सांगितलं. मी रिंग घेतली. दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जाते, त्या काढून धुऊन परत बसवतात. जाळीला मी घाबरले नाही, डॉक्टर. त्या पाच मिनिटांना घाबरले.

राहिला पोटातल्या जाळीचा मुद्दा. असेल तुमचं बरोबर. एफडीएचा तो आदेश तिला लागू नव्हता, हे मलाही ठाऊक आहे. पण लेखाचा विषय तो नव्हताच. शिरोडकर आमच्या शिरोड्याचे, म्हणून दोन ओळी कौतुकाच्या लिहिल्या, त्याही तुम्हाला खुपल्या!

पुढची प्रतिक्रियाही छापीन. ‘अहो बाई’ तेवढं गाळून पाठवा.