खाच जुळली म्हणून रॅम चालेलच असं नाही

जुना डेस्कटॉप वेगवान करायचा एक उपाय व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर आणि छोट्या व्हिडिओंमधून सतत फिरतो. त्याचा आशय असा: मशीन डीडीआर३चं (डीडीआर२, डीडीआर३ या रॅमच्या पिढ्या) असेल तर कुठलीही डीडीआर३ रॅम चालते, रॅमच्या पट्टीवरची, म्हणजे स्टिकवरची, खाच स्लॉटशी जुळली की बसवा, दोन लहान स्टिकपेक्षा ८ जीबीची एकच घ्या, मेगाहर्ट्झ जास्त तितका वेग जास्त, एवढं केलं की पीसी नव्यासारखा पळतो. चालतं मशीन भंगारात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. पण यातलं प्रत्येक विधान अर्धवट आहे, आणि फटका बसतो तो खर्च करण्याआधी दहादा विचार करावा लागणाऱ्यांना: तालुक्यातला डीटीपीवाला, शाळेची संगणक खोली सांभाळणारे सर, जुन्या मशीनवर टॅली शिकणारी मुलगी.

आधी खाचेचं पाहू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही रॅमना २४० पिना असतात. चुकीच्या पिढीची स्टिक बसू नये म्हणून खाच वेगळ्या जागी ठेवलेली आहे. म्हणजे खाच फक्त पिढी सांगते. बसलेली स्टिक बोर्डाला वाचता येईल का, हे तिच्यावरच्या चिपवर ठरतं.

इंटेलचा जी४१ चिपसेट घ्या, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणारी बोर्डावरची मुख्य चिप. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या काळातला, आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी टेबलांखाली चालू असलेला. त्याची कमाल मर्यादा ८ जीबी, म्हणजे दोन स्लॉटमध्ये ४-४ जीबी. त्याहून महत्त्वाची अट अशी की एकेक चिप २ गिगाबिटपेक्षा मोठी चालत नाही. आता हिशोब करा. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते २ गिगाबिटच्या चिपांनी भरायचे तर स्टिकवर १६ चिपा लागतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नंतरच्या वर्षांत बनलेल्या ४ जीबीच्या बऱ्याच स्टिकवर ४ गिगाबिटच्या आठच चिपा असतात. खाच तीच, डीडीआर३ हे नाव तेच, जीबीही तितकेच. पण जी४१वर बहुतेक वेळा स्क्रीन काळीच राहते, किंवा अर्धीच रॅम दिसते. दुकानदार दुसऱ्या मशीनवर तीच स्टिक चालवून दाखवतो, आणि गिऱ्हाईक समजतं की आपला बोर्डच गेला. बोर्ड ठणठणीत असतो.

हा फरक ओळखायला स्टिक लावून बघायचीही गरज नाही. स्टिकरवर जीबीच्या शेजारी '२आर×८' किंवा '१आर×८' असं इंग्रजीत छापलेलं असतं. आर म्हणजे रँक, चिपांचा गट; × पुढचा आकडा म्हणजे एक चिप एका वेळी किती बिट देते. ४ जीबी आणि २आर×८ असेल तर चिपा सोळा. जी४१ला हीच हवी. १आर×८ असेल तर आठ; ती घेऊ नका. नुसत्या चिपा मोजूनही भागत नाही. 'एएमडीसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त ४ जीबी स्टिकवर चिपा सोळाच असतात, पण त्या ×४ प्रकारच्या. एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या एएम३ पिढीतल्या बोर्डांवर त्या चालतात, इंटेलच्या साध्या डेस्कटॉपवर नाही. ऑनलाइन फारच स्वस्त दिसणारी स्टिक बहुतेकदा यांतली असते, नाहीतर सर्व्हरमधून काढलेली. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅमही स्टिकरवरच कळते: 'पीसी३-१०६००'च्या पुढे 'आर' असेल तर ती साध्या डेस्कटॉपसाठी नाही, आपल्याला 'यू' हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्याच्या तापकीर गल्लीत घ्या किंवा घरबसल्या मागवा, पैसे देण्याआधी स्टिकरचा स्वच्छ फोटो मागा. न देणाऱ्याकडून घेऊच नका.

८ जीबीची एकच स्टिक? जी४१वर प्रश्नच येत नाही, एका स्लॉटला ४ची मर्यादा आहे. एच६१ किंवा एच८१ या इंटेलच्या नंतरच्या चिपसेटवर ८ जीबी चालते, पण तिथेही २आर×८ पाहूनच घ्या. आठ चिपांची ८ जीबी स्टिक त्यांवर बसणाऱ्या इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या प्रोसेसरना वाचता येत नाही. शिवाय एकच स्टिक लावली की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन स्टिकमधून एकाच वेळी माहिती नेणं, बंद. ज्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे ग्राफिक्सचं सगळं काम याच रॅममधून चालतं, त्यामुळे ४ + ४ हीच जोडी मला योग्य वाटते.

मेगाहर्ट्झचं थोडक्यात. वेग एकटी स्टिक ठरवत नाही; तिला चालवणारा कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसर किंवा चिपसेटमधला रॅम सांभाळणारा भाग, त्याची कमाल मर्यादा ठरवतो. एच६१वर आय३-२१०० हा प्रोसेसर असेल तर १६०० किंवा १८६६ची रॅमही १३३३नेच चालणार. वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक लावल्या तर दोघी हळू असलेलीचा वेग धरतात. नुकसान काही नाही, फक्त जादा दिलेले पैसे वाया.

व्होल्टेजबद्दल तो मेसेज काहीच सांगत नाही, आणि तिथे खरा धोका आहे. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ची. एल प्रकारची स्टिक १.५वरही चालते. पण सहाव्या पिढीच्या इंटेलचे डीडीआर३ स्लॉट असलेले काही बोर्ड निघाले, त्यांच्यासाठी इंटेलने फक्त १.३५ व्होल्टची रॅम सांगितली आहे. तिथे जुन्या मशीनमधली १.५ची स्टिक लावू नका.

राहिलं 'नव्यासारखा पळतो'. विंडोज ३२-बिट असेल तर ८ जीबी लावूनही वापरात साधारण सव्वातीन-साडेतीन जीबीच येते. आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागेल. आणि रॅम खरोखर कमी पडते आहे का, हे विकत घेण्यापूर्वी बघा. नेहमीचं काम उघडून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क दोन्ही पाहा. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर रॅम घ्या. मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के असेल, तर त्या पैशांत छोटी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच केबलला जोडली जाणारी, फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. जी४१च्या ३ गिगाबिटच्या पोर्टवरही ती चालते, आणि जुन्या हार्ड डिस्कपेक्षा विंडोज कितीतरी लवकर उघडते.