ताईंची वही आणि मंदारचा फोन

मंदारला जुना फोन विकायचा होता. देण्याआधी त्यातलं सगळं पुसायचं म्हणून शनिवारी संध्याकाळी तो कट्ट्यावर बसून एकेक ॲप काढत होता. नाना पेठेतला आमचा कट्टा म्हणजे बंद पडलेल्या गिरणीच्या तीन पायऱ्या. काढता काढता तो थांबला आणि फोन आमच्यासमोर धरला. आरोग्य सेतू, कोरोनाच्या साथीतलं सरकारी ॲप.

शकीलनं एकदाच बघितलं आणि चहाचा ग्लास खाली ठेवला. "काढ ते."

"अरे, आता त्यात काही नाही. कोण कुणाला भेटलं हे शोधायचा भाग बंद केला, तो डेटाही पुसला, असं सरकारनं फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलंय."

"सांगितलं ना? पुसताना पाहिलं कुणी?"

तिथून जे सुरू झालं ते रात्री साडेदहापर्यंत चाललं. आवाज चढले, सरांनी दोनदा काठी आपटली. सगळं लिहिणं शक्य नाही, पण मला जे सोडवत नाही तेवढं लिहून ठेवतो.

सर म्हणजे आमचे इतिहासाचे मास्तर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी आधी मंदारला ते ॲप चालायचं कसं हे विचारलं. मंदार सॉफ्टवेअरमधला, त्यानं नीट समजावलं. "तुमच्या फोनला एक ओळख क्रमांक, माझ्या फोनला एक. आपण असे शेजारी बसलो की ब्लूटूथवरून दोन्ही फोन एकमेकांचे क्रमांक टिपून ठेवणार. पुढे तुम्ही पॉझिटिव्ह निघालात तर तुमच्या फोनमधली यादी सर्व्हरवर जाणार आणि मला निरोप येणार. नाही निघालात तर यादी फोनमध्येच राहणार आणि ३० दिवसांनी पुसली जाणार. वाईट काय आहे यात? रुग्णाला बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं ते आठवत नाही. फोनला आठवतं."

"मग जीपीएस कशाला मागत होतं?" मी विचारलं.

मंदार जरा थांबला. "कुठल्या भागात रुग्ण वाढतायत ते कळावं म्हणून. दर १५ मिनिटांनी जागेची नोंद व्हायची." आणि मग त्यानंच पुढचं सांगितलं, त्याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं. जर्मनीनं जून २०२० मध्ये ॲप आणलं, त्यात माणूस कुठे होता याची नोंदच नव्हती. ॲपल आणि गुगलनं एप्रिलमध्ये जी पद्धत जाहीर केली, ती वापरणाऱ्या ॲपना जागा विचारायलाच बंदी होती, आणि फोनचा तो क्रमांक थोड्या थोड्या वेळानं आपोआप बदलायचा. आपल्याकडे क्रमांक एकच, वर नाव, वय, लिंग, व्यवसाय आणि मोबाइल नंबर सुरुवातीलाच भरून घेतलेला. नॉर्वेच्या ॲपमध्ये जीपीएस होतं. तिथल्या माहिती संरक्षण यंत्रणेनं आक्षेप घेतला आणि जून २०२० मध्येच ते थांबवावं लागलं.

"म्हणजे कमी विचारूनही काम झालं असतं," सर म्हणाले.

"झालं असतं. पण सर, २ एप्रिलला आपलं ॲप आलं तेव्हा सगळं जग घाबरलेलं होतं. रोज आकडे वाढत होते. त्या घाईत बनलेली गोष्ट आहे ती. मे महिन्यात सरकारनंच सांगितलं होतं की या ॲपवरून १ लाख ४० हजारांच्या आसपास लोकांना सावध केलंय. त्यातले शंभर जण जरी आईवडिलांपासून लांब राहिले असतील तर मी माझी जागा शंभर वेळा द्यायला तयार आहे."

हे तो मनापासून बोलत होता. त्याचे मामा पहिल्या लाटेत गेले. कुणाकडून लागण झाली ते घरात कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

शकील मात्र ऐकायला तयार नव्हता. तो तेव्हा भवानी पेठेत राहायचा. एप्रिलमध्ये पेठ सील झाली, गल्ल्यांच्या तोंडाला पत्रे ठोकले. त्याची रिक्षा बंद. आणि त्या एप्रिलमध्ये नुसतं नाव ऐकून भाजीवाला गाडी पुढे ढकलत होता, हे त्यानं आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. मे उजाडल्यावर एका गोदामात हमालीचं काम मिळतंय असं कळलं म्हणून तो गेला. दारावरचा माणूस म्हणाला, ॲप दाखव.

१ मेच्या केंद्राच्या आदेशात सरकारी आणि खासगी, सगळ्याच कर्मचाऱ्यांना ॲपची सक्ती होती आणि जबाबदारी मालकावर टाकली होती. दारावरचा माणूस तरी काय करणार! १७ मेच्या आदेशात भाषा मऊ झाली, मालकांनी शक्य तितका प्रयत्न करावा, इतकंच उरलं. पण दारं तोपर्यंत शिकून गेली होती.

"माझ्याकडे बटणाचा फोन," शकील म्हणाला. "मेव्हण्याकडे मोठा फोन होता. त्याचा मागून नेला. ॲपचा हिरवा रंग, म्हणजे धोका नाही, तो दाखवला, आत गेलो. पंधरा दिवस तसाच जात होतो. नाव त्याचं, नंबर त्याचा, आणि गोदामात पोती उचलत होतो मी. मला कोरोना झाला असता तर तुझ्या ॲपनं कुणाला शोधलं असतं, सांग ना."

मंदारकडे उत्तर नव्हतं. १९२१ वर मिस्ड कॉल द्यायची सोय होती, जिओच्या साध्या फोनवरही ॲप आलं होतं, असं काहीसं तो पुटपुटला. पण शकीलचा मुद्दा सोयीचा नव्हता. मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं हेच होतं. सक्ती केली की माणूस दाखवण्यापुरतं दाखवतो. गोदामाच्या दाराला हिरवा रंग हवा होता, तो मिळाला. साथीला हवी होती खरी माहिती, ती त्या दारातून कधी आतच गेली नाही.

"आणि भीती कसली होती सांगू?" शकील म्हणाला. "ब्लूटूथची नाही. मला ब्लूटूथ काय कळतंय! भीती ही की फोन लाल झाला तर गाडी येणार, अम्मीला एकटीला उचलून नेणार, आणि परत आल्यावर गल्ली आमच्याकडे कशी बघणार."

यावर मंदार उसळला. "मग ती यादी कुठल्या ॲपमधून आली होती? सांगा ना!"

कट्टा गप्प झाला. जून २०२० मध्ये आमच्या भागातल्या पॉझिटिव्ह लोकांची यादी व्हॉट्सॲपवर फिरली होती. नाव, वय, घर क्रमांक, काहींचे मोबाइल नंबरसुद्धा. कागदाचा फोटो होता तो, कडेला कुणाचा तरी अंगठा दिसत होता. त्या यादीतल्या एका बाईंची धुण्याभांड्याची तिन्ही कामं एका दिवसात सुटली. बऱ्या होऊन आल्यावरही एकच परत मिळालं. ती यादी मलाही आली होती आणि मी ती पुढे एकाला पाठवली होती, सावध करायला म्हणून. याची मला आजही लाज वाटते.

"ॲपमधून नाव बाहेर आलं नाही," मंदार म्हणाला. "मे महिन्यात त्या फ्रेंच संशोधकानं त्रुटी दाखवली, तीसुद्धा कुठल्या भागात किती जण आजारी आहेत हे कुठूनही बघता येतं अशी होती. सरकारनं तेव्हा म्हटलं की कुणाची खासगी माहिती धोक्यात नाही. महिना संपायच्या आत अँड्रॉइडचा कोडही खुला केला. कागदाचा कोड कुणी खुला केला? माणसांनी घात केला, आणि तुम्ही मशीनला शिव्या देताय."

ज्योतीताई एवढा वेळ वरच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. त्या आशा सेविका आहेत. साथीत घरोघर फिरल्या, ताप मोजला, ऑक्सिजन मोजला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दिवसाला किती घरं केली असं विचारलं की त्या आकडा सांगत नाहीत, पाय दाखवतात.

"यादी माझ्या वहीतून गेली नाही," त्या म्हणाल्या. "पण मंदार म्हणतोय ते खोटं नाही. आम्ही लिहून वर देत होतो, पुढे ते कुठे जायचं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही."

मग त्यांनी एक सांगितलं. एक माणूस पॉझिटिव्ह आला. कुणाला भेटलात विचारलं तर म्हणे कुणालाच नाही, घरातच होतो. ताई दाराबाहेरच उभ्या राहिल्या. त्याच्या पोरीचा अभ्यास विचारला, औषध आहे का विचारलं. निघताना तो हळूच म्हणाला, ताई, पोलिसांना सांगणार नसाल तर सांगतो. मागच्या शेडमध्ये रोज रात्री सात जण पत्ते खेळायला बसत होते. सातही नावं दिली. त्यातले तिघे पॉझिटिव्ह निघाले.

"मी पत्त्यांचं कुठेच लिहिलं नाही," ताई म्हणाल्या. "नुसती नावं लिहिली. त्यानं मला नावं दिली ती मी कुणाला सांगणार नाही म्हणून. त्या सात जणांचे फोन तर घरीच असायचे. बायकोला कळू नये म्हणून."

सर बराच वेळ काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. ते म्हणाले, या गावाला हे दोन्ही माहीत आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला आणि पुण्यात प्लेग समितीवर रँड हा इंग्रज अधिकारी आला. गोरे शिपाई घराघरांत शिरले, स्वयंपाकघरात, देवघरात. हेतू रोगी शोधण्याचा होता. लोक रोगी लपवायला लागले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. "आणि त्याच प्लेगात," सर म्हणाले, "सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात आणत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणलं. १० मार्चला त्या प्लेगानंच गेल्या. त्यांच्यापासून कुणी रोगी लपवल्याचं मी तरी वाचलं नाही."

"सर, पण सावित्रीबाई अब्जावर माणसांच्या घरी जाऊ शकत नाहीत," मंदार म्हणाला. बरोबरच होतं ते.

म्हणूनच कायदा हवा होता, हे माझं म्हणणं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर आधी कायदा पाहिजे, हेतू रास्त पाहिजे आणि उपाय गरजेपुरता पाहिजे. आरोग्य सेतूसाठी संसदेनं कायदा केलाच नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे आदेश आणि ११ मेची एक नियमावली, तीही ॲप आल्यानंतर सव्वा महिन्यानं. माहिती संरक्षणाच्या समितीचे अध्यक्ष राहिलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी तेव्हाच म्हटलं होतं की ही सक्ती पूर्णपणे बेकायदा आहे. माहिती अधिकाराखाली तर हे ॲप बनवलं कुणी असं विचारलं, तेव्हा ज्या संस्थेचं नाव ॲपवर होतं तिनंच माहिती आमच्याकडे नाही असं उत्तर दिलं. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला नोटीस काढावी लागली.

"सिंगापूर बघ," मी मंदारला म्हणालो. "तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं होतं की ट्रेसटुगेदर या त्यांच्या अशाच ॲपची माहिती फक्त संपर्क शोधायला वापरू. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत कबूल करावं लागलं की पोलिसांनाही ती घेता येते, आणि एका खुनाच्या तपासात घेतलीही. मग घाईनं कायदा केला, सातच प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांसाठी. इतकं शिस्तीचं सरकार, तिथं हे झालं."

"आता आपल्याकडे माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे की."

"आहे. त्यात साथीच्या काळात आरोग्यसेवेसाठी तुझी माहिती संमतीशिवाय वापरता येते, आणि सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. मला संमतीशिवाय वापरणं एक वेळ मान्य आहे. तीन तासांत निर्णय घ्यायचा असेल तर कुणाकुणाची सही आणणार! पण मग वापरून झाल्यावर पुसलं का, कुणी पाहिलं, यादी फोडणाऱ्याला काय झालं, हे विचारायची जागा मला हवी. साथ यायच्या आधी हवी."

ताई एकदम म्हणाल्या, "माझ्या वह्यांचं काय झालं?"

"कुठल्या वह्या?"

"तेव्हाच्या. चार होत्या. त्यात शुगर कुणाला, बीपी कुणाला, कोण गरोदर, सगळं आहे. मोहीम संपल्यावर जमा केल्या. पावती नाही. कुठे आहेत त्या?"

ॲपचं काय झालं हे निदान लोकसभेत कुणीतरी विचारलं होतं. या वह्यांचं आम्हीसुद्धा सहा वर्षांत विचारलं नव्हतं. मंदारनं फोन खिशात टाकला आणि म्हणाला, माहिती अधिकारात अर्ज करू. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. आपल्या राज्यात एका अर्जाला एकच विषय आणि दीडशेच शब्द, तेव्हा नेमकं लिहू.

सर सांगत गेले, मंदार त्याच फोनवर टाइप करत गेला. सर्वेक्षणाच्या नोंदवह्या आज कोणाच्या ताब्यात आहेत. किती काळ ठेवायचा नियम आहे. नष्ट केल्या असतील तर कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीनं. जून २०२० मध्ये रुग्णांच्या नावांची यादी बाहेर गेली, त्याची चौकशी झाली का.

"अर्जदार कोण?" मंदारनं विचारलं. ताई सेवेत आहेत, त्यांचं नाव नको असं सगळ्यांचं मत पडलं. मी माझं घाल म्हणालो, ती यादी मी पुढे पाठवली होती.

शकील उठून मंदारच्या मागे जाऊन उभा राहिला. वाचून झाल्यावर म्हणाला, "एक ओळ बाकी आहे. त्या वह्या आम्हाला बघायला मिळतील का, ते विचार. त्यात अम्मीचं नाव आहे."