पानिपतावर नावे कोणाची कोरणार?

2025 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात पानिपत येथे मराठ्यांच्या शौर्याचे स्मारक उभारण्याची घोषणा झाली आणि तेव्हापासून माझ्या ओळखीच्या मराठी मंडळींत एकच वाद पुन्हा पुन्हा उकरून काढला जातो आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, जिथे आपला एवढा मोठा पराभव झाला तिथे सरकारी पैशाने स्मारक कशाला उभारायचे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, 14 जानेवारी 1761 ला मराठे हरले तरी मोडले नाहीत, दहाच वर्षांनी महादजी शिंदे आणि त्यांच्या सहकारी सरदारांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली, म्हणून पानिपत हा अभिमानाचाच वारसा आहे. तिथे शांततेला वाहिलेले एक उद्यान का होऊ नये, असे मी या चर्चेत एकदा विचारले, तेव्हा उत्तर आले की, परदेशात बसून शांततेचे धडे देणे सोपे असते. हे वाक्य मला फार लागले आहे, आणि ते का लागले ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

सोपे असते, हे मला मुळीच मान्य नाही. मी राहते त्या बेल्जियममधल्या वेस्ट फ्लँडर्समध्ये नांगरणी सुरू झाली की शेतकरी जमिनीतून वर आलेले तोफगोळे रस्त्याच्या कडेला खांबापाशी ठेवून देतात आणि दोव्होची, म्हणजे लष्कराच्या बाँबनाशक पथकाची, गाडी येऊन ते पुलकापेलच्या त्यांच्या तळावर घेऊन जाते. पहिले महायुद्ध संपून शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी त्यांतल्या काही गोळ्यांत अजून विषारी वायू असतो. 22 एप्रिल 1915 रोजी इथल्या ईपर शहराच्या उत्तरेला क्लोरीनचा हिरवट लोट सोडला गेला, ती शेते आज बटाट्याची आणि मक्याची आहेत. अशा जमिनीवर राहणाऱ्या माणसांना शांतता कोणी भेट म्हणून दिलेली नाही. आणि मी तिच्याविषयी बोलते ते रोज याच शेतांच्या कडेने जाता येता बोलते.

पानिपतचा वाद वाचताना मला दर वेळी ईपरजवळच्या मेसेनचे उद्यान आठवते. 7 जून 1917 रोजी मेसेनच्या टेकाडावर ब्रिटिश सैन्यातल्या आयर्लंडच्या दोन डिव्हिजन शेजारी शेजारी लढल्या. 16 व्या डिव्हिजनमध्ये बहुतेक कॅथलिक, स्वराज्य मागणारे आयरिश लोक होते. 36 व्या डिव्हिजनमध्ये ब्रिटनशी नाते तोडू न इच्छिणारे उत्तरेकडच्या अल्स्टरचे प्रोटेस्टंट. घरी असते तर कदाचित एकमेकांवरच त्यांनी बंदुका रोखल्या असत्या. युद्धानंतर स्वतंत्र आयर्लंडने ब्रिटिश गणवेशात मेलेल्या आपल्या मुलांकडे कित्येक दशके जवळजवळ पाठ फिरवली, कारण त्यांचे मरण नव्या राष्ट्राच्या कथेत बसत नव्हते. उत्तरेत मात्र त्याच युद्धातले मरण एका समाजाच्या राजनिष्ठेचे प्रमाणपत्र बनून राहिले. शेवटी 1998 च्या एप्रिलमध्ये उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवणारा बेलफास्टचा करार झाला आणि त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला मेसेनला आयर्लंड बेटाचे शांती उद्यान उघडले. आयर्लंडच्या अध्यक्ष मेरी मॅकलीस, ब्रिटनची राणी एलिझाबेथ आणि बेल्जियमचे राजे आल्बर्ट असे तिघे त्या दिवशी एकत्र उभे होते. तिथला उंच गोल मनोरा जुन्या आयरिश घडणीचा आहे. त्याचा दगड टिपरेरीतल्या एका ब्रिटिश बरॅकमधून आणि मलिंगरजवळच्या गरिबांसाठीच्या एका जुन्या श्रमगृहातून आणला, म्हणजे ज्या इमारतींची आयर्लंडला सर्वांत कडवट आठवण असावी, त्याच इमारतींचा.

मेसेनची लढाई दोस्त राष्ट्रांनी जिंकली होती. तरी उद्यानात त्या विजयाचा डांगोरा नाही. तीन खांबांवर युद्धात लढलेल्या तिन्ही आयरिश डिव्हिजनांतले मृत, जखमी आणि बेपत्ता यांचे आकडे आहेत, बस्स. पानिपतचे स्मारक पराभवाचे की शौर्याचे, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो तो यामुळेच. जिंकलेल्या लढाईच्या जागीही लोकांनी आपले मृत मोजले आहेत, आणि आपण अडीचशेहून अधिक वर्षे उलटल्यावर अजून निकालावरच हुज्जत घालतो आहोत.

आपल्याकडे मृत मोजलेच गेले नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. पानिपतची बातमी दक्षिणेत पोचली ती सांकेतिक भाषेत: दोन मोती गळाले, काही मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर गणतीच नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे प्रत्येक मराठी मूल शिकते. त्या गणती नसलेल्या नाण्यांकडे कोणी वळून पाहत नाही. ती नाणी म्हणजे शिलेदार, बारगीर, गारदी, खलाशी, बाजारबुणगे, उत्तरेतली तीर्थे करावी म्हणून फौजेबरोबर निघालेले यात्रेकरू, आणि लढाई संपल्यावर छावणीत सापडलेली बायका-मुले. नुसत्या भाल्या-तलवारींच्या भव्य पुतळ्यांनी या माणसांची भरपाई कशी होणार, हे मला कोणी समजावून सांगावे.

ईपरच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर चोपन्न हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, आणि ती सगळी अशा सैनिकांची आहेत ज्यांचे थडगे कुठे आहे ते सांगता येत नाही. 1928 पासून, मधली जर्मन ताब्यातली वर्षे सोडली तर, रोज संध्याकाळी आठ वाजता तिथे वाहतूक थांबते आणि अग्निशामक दलातले स्वयंसेवक बिगुल वाजवतात. या नावांत चारशेहून अधिक नावे हिंदुस्थानी सैनिकांची आहेत. 1914 च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबी आणि पठाण जवान उन्हाळी कपड्यांत या चिखलात उतरले होते. साधा शिपाई आणि अधिकारी यांची नावे तिथे एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. मृत्यूनंतर हुद्द्याने भेद करायचा नाही, हे तत्त्व ब्रिटिश युद्धस्मशानांसाठी 1918 मध्येच मांडले गेले होते.

या व्यवस्थेची मी भाट नाही. हेच तत्त्व मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाळले गेले नाही. पहिल्या महायुद्धात तिथे कूतच्या वेढ्यात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या आघाडीवर मेलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक झाले, त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली, पण साध्या हिंदी शिपायांचे पलटणीमागे केवळ आकडे आले. ही असमानता राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने 2021 च्या आपल्या अहवालात मान्य केली. म्हणजे पानिपतावर ज्यांची गणती नव्हती त्यांचे वंशज टायग्रिसच्या काठी नुसती गणती होऊन उरले. इंग्रजांनी आपल्या माणसांना आकडा केले म्हणून आपण संतापतो, आणि संतापलेच पाहिजे. पण पानिपतावर तेच आपण आपल्या माणसांना करत आलो आहोत आणि त्याचा संताप मला घरच्या वादात कुठेही दिसत नाही.

शांती उद्यान म्हटले की काहींना वाटते, शत्रूला माफी देऊन शौर्यावर पाणी सोडायचे आहे. पानिपतचा इतिहासच या समजुतीला दुजोरा देत नाही. मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीच्या हाती होता. धर्माच्या नावाने त्याला फोडण्याचे प्रयत्न झाले, तो फुटला नाही, आणि पकडला गेल्यावर मारला गेला. उलट काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, आणि लढाईचा जो प्रत्यक्षदर्शी वृत्तांत आपण आजही आधाराला घेतो तो त्याचाच. विश्वासरावांच्या देहाची विटंबना न होता त्यावर अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून खटपट केली ती शत्रूपक्षातल्या याच शुजाने. आणि त्याच छावणीबाहेर दुसऱ्या दिवशी कैद्यांची सरसकट कत्तलही झाली. हे सगळे एकाच मैदानावर घडले. उद्यानातल्या फलकांवर यातले काहीही गाळू नये, कत्तल तर नाहीच नाही. शांततेसाठी ती झाकावी लागते असे ज्यांना वाटते त्यांनी ईपरजवळच्या लँगेमार्कच्या युद्धस्मशानात यावे, जिथे चव्वेचाळीस हजारांहून अधिक जर्मन पुरलेले आहेत आणि जिथे बेल्जियन शाळांच्या सहली दर वर्षी जातात. मला पानिपतावर शाळेची अशी एक सहल पाहायची आहे.

अर्थात इथेही सगळे निर्मळ नाही. इथल्याच डिक्समुइडे गावातल्या युद्धस्मारकाच्या मनोऱ्यावर चार भाषांत ‘पुन्हा युद्ध नको’ असे लिहिलेले आहे, आणि त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या वार्षिक यात्रेत कित्येक वर्षे युरोपभरचे कडवे उजवे गट झेंडे घेऊन येत राहिले. शांततेचा दगडही पळवला जाऊ शकतो. म्हणून तर तो कोण बसवतो आणि कोणाला विचारून बसवतो, याला महत्त्व आहे.

1919 मध्ये चर्चिलचे मत होते की, ईपरचे अवशेष तसेच राखून ती पवित्र भूमी करावी. ईपरचे लोक मात्र परतले होते. त्यांना घरे हवी होती, बाजार हवा होता, आणि त्यांनी मध्ययुगीन कापडबाजाराच्या इमारतीसह आपले गाव जवळपास होते तसे पुन्हा बांधले. आज युद्धाचे संग्रहालय त्याच कापडबाजारात आहे. पानिपतच्या बाबतीत आपण पुण्या-मुंबईत बसून चर्चिलसारखेच बोलतो. पानिपत हे विणकरांचे, मागांचे, धुराचे, लाखो कामगारांचे जिवंत शहर आहे. युरोपात लोकांनी टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे जातात, पिंजले जातात आणि त्यांच्या सुताची घोंगडी होतात; आमच्या रस्त्याच्या टोकाशी जुन्या कपड्यांची जी पेटी आहे, तिच्यातल्या एखाद्या कोटाचा शेवट तिथेच होत असेल. लढाईची जागा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काला आम येथे आज जो लहानसा स्तंभ आणि बाग आहे, तिथे दर 14 जानेवारीला जमणारा रोड मराठा समाज हरियाणवी बोलतो आणि पानिपतानंतर तिथेच राहिलेल्यांशी आपले नाते सांगतो. या मंडळींना विचारल्याशिवाय मुंबईहून नकाशा पाठवणे मला उद्धट वाटते.

राहता राहिला मला बोलण्याचा अधिकार. दर 11 नोव्हेंबरला इथे कोणी ना कोणी मला विचारते की, तुमची माणसेही इथे होती का, आणि मी मेनिन गेटच्या त्या नावांकडे बोट दाखवून ‘हो, आमची’ असे सांगते. ती माणसे पेशावरची, झेलमची होती; त्यांतल्या अनेकांची गावे आज पाकिस्तानात आहेत, एकाचीही भाषा मला येत नाही. तरी परक्या मुलखात ती मला आपली वाटतात आणि ती आपली म्हणावी लागतात, कारण त्यांच्यावाचून या भूमीशी मला सांगायला दुसरे नाते नाही. महाराष्ट्रात असते तर मी त्यांना आपले म्हटले असते का, याचे उत्तर द्यायला मला भीती वाटते. पानिपतावरही माझ्या मनात हेच येते की, तिथे मेलेला रोहिला आणि तिथे मेलेला मावळा यांत माझा कोण, हे मी इतक्या ठामपणे आता सांगू शकत नाही. इकडे राहून मी कमी मराठी झाले आहे असे कोणी म्हटले तर मी भांडेन. पण काहीतरी बदलले आहे, हे खरे.

स्मारकासाठी आधी काय करावे, हे मात्र मला ठामपणे सांगता येते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. पानिपतावर पडलेल्यांच्या वारसांनी वतनासाठी, पोटगीसाठी, थकलेल्या पगारासाठी केलेले अर्ज आणि नोंदी अशाच मोडी कागदांत शोधायला हव्यात. सरदारांच्या घराण्यांची दप्तरे वेगळीच. स्मारकाच्या निधीतला पहिला हप्ता मोडी वाचणाऱ्या तरुण संशोधकांना द्यावा, त्यांनी मिळतील तितकी नावे काढावीत, गारद्यांची आणि खिदमतगारांचीही, आणि जोवर ही यादी हाती येत नाही तोवर पायाभरणीचा नारळ फोडू नये. या कामासाठी परदेशातल्या मराठी मंडळांनी पैसे जमवावेत असा प्रस्ताव मी आमच्या मंडळाला दिला आहे. ज्यांनी मला धडे देऊ नकोस असे सांगितले, त्यांनाही त्याची प्रत पाठवली आहे.