दुधाचा वास आणि रक्ताची पिशवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

हेलिकॉप्टरने रक्त नेताना पेटीचं तापमान का नोंदवायचं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "अहो बाई, दूध फ्रिजबाहेर राहिलं तर आपण वास घेऊन चहा करतोच ना? रक्त बिघडलं तर दिसेलच. तुम्ही तंत्रज्ञ कागद सांभाळता, माणसं नाही." पुढे खर्च आणि ड्रोनचंही विचारलंत.

आधी माझी चूक. वाहतुकीत लाल पेशी २ ते १० अंशांत चालतात. २ ते ६ ही साठवणुकीची मर्यादा. मी दोन्हीकडे ६ लिहिलं होतं, ते दुरुस्त केलंय.

आता ते 'कागद सांभाळता'. तेवीस वर्षं मी रक्तपेढीत रात्रपाळ्या केल्या. पहाटे तीनला दाता शोधायला फोन केलेत, नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्यात. समोर बसून कोणी असं बोललं नसतं. मोबाइलवर बोट फिरवणं सोपं असतं.

एका रात्री विमानतळावर गेलेली पिशवी न वापरता परत आली. रुग्णालयाचं नाव घेत नाही. कोणीतरी फ्रीझरमधले जेल पॅक थेट पिशवीला चिकटवून ठेवले होते, मध्ये पुठ्ठासुद्धा नाही. हातात घेतली तेव्हा पिशवी नेहमीसारखीच गडद लाल. उभी टांगून ठेवली, पेशी खाली बसल्या, तेव्हा एरवी पिवळसर असायला हवं ते वरचं पाणी कोकमाच्या सरबतासारखं झालेलं दिसलं. गोठून पेशी फुटल्या होत्या. फुटलेल्या पेशी माणसाला चढवल्या की मूत्रपिंडं धोक्यात येतात.

आता सांगा, हेलिकॉप्टरच्या थरथरीत थर बसणार कसा? मला दिसलं, कारण ती पिशवी माझ्यासमोर तासभर निवांत टांगलेली होती. आणि उष्णतेने जंतू वाढले तर बहुतेकदा रंगात काहीच कळत नाही. वास घ्यायला पिशवी फोडणार का? मे महिन्यात गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या धावपट्टीशेजारी इंजिन बंद ठेवून वाट पाहणाऱ्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसून बघा. पेटीने तिथे किती तापमान सोसलं, ते फक्त आतला लॉगर, म्हणजे तापमान नोंदणारं छोटं यंत्र, सांगतो. तो स्वतः नोंदत राहतो, नर्सला कागद भरावा लागत नाही, त्यामुळे पेशंट थांबत नाही. परत आलेली पिशवी पुन्हा साठ्यात घ्यायची की फेकायची, हे त्या नोंदीवर ठरतं. नोंदच नसेल तर चांगलं रक्तही टाकावं लागतं. कोणीतरी दान केलेलं रक्त, साहेब!

प्लेटलेट्स त्याच थंड पेटीत टाकू नका. त्यांना २० ते २४ अंश लागतात. हे मूळ लेखात होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाही.

खर्चाचं म्हणाल तर तो शासनाचा विषय, इथे नको. ड्रोनचं म्हणाल तर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये ड्रोनने रक्त नेऊन पाहिलं, तेव्हाही पिशव्यांचं तापमान तपासलंच.

पुढच्या वेळी मुद्द्यावर लिहा. तेव्हा मी दोन दिवस थांबणार नाही, त्याच रात्री उत्तर देईन.