लाइन अप आहे म्हणे!

नेट बंद पडलं की कस्टमर केअरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, आमच्याकडून लाइन अप दिसतेय." अहो पण अप म्हणजे काय? तुमच्या सिस्टिमवरून आमच्या राउटरला पिंग लागतो, म्हणजे 'आहेस का?' विचारल्यावर तो 'आहे' म्हणतो, म्हणून नेट चालू? पुढे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस मेलंय, डेटाचे निम्मे तुकडे (पॅकेट) वाटेतच गळतायत, माल वाहून न्यायला लागणारं जीएसटीचं ई-वे बिल निघत नाही म्हणून भरलेला ट्रक गेटवर उभा आहे, त्याचं काय? आणि ते करारातलं ९९.५ टक्के अपटाइम, म्हणजे नेट चालू राहण्याचा वेळ! महिन्याचे ७२० तास धरले तर त्यातले ३ तास ३६ मिनिटं नेट बंद राहिलं तरी करार पाळलाच, मग ते तास नेमके २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरताना का जाईनात. वर लाइन चालू आहे का हे कंपनी तपासणार पाच मिनिटांतून एकदा, मग मधली दोन-दोन मिनिटांची बोंब रिपोर्टमध्ये येणार कुठून? व्हिडिओ कॉल तर तेवढ्यातच तुटतो ना! आम्ही स्वतः दर दहा सेकंदांनी बाहेरच्या तीन सर्व्हरना पिंग मारून लॉग, म्हणजे वेळेसकट नोंद, ठेवतो, तो पाठवला की उत्तर, "हा ग्राह्य धरता येणार नाही." का नाही? पैसे आमचे, खोळंबा आमचा, आणि मोजणार फक्त तुम्ही?