विसरू, पण आधी ओटीपी सांगा

इंटरनेटनं तुम्हाला विसरावं असं वाटतंय? उत्तम. मग आधी तुम्ही कोण ते सिद्ध करा. आधार कार्डाची झेरॉक्स काढा, दोन्ही बाजूंची. दादर स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याला कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असतो. त्याच्या डेस्कटॉपवर अख्ख्या वॉर्डाची कार्डं सुखानं नांदतायत, त्यात तुमचं एक. फिकट आलेली प्रत तिथेच टाका. भेळवाल्याला उपयोगी पडते.

कायदा आहे, घाबरू नका. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, आणि कंपन्यांना तयारीला आणखी दीड वर्ष. कुरकुर करू नका, तुमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट किती वर्षं रखडलंय ते आठवा. मग कलम १२ खाली ‘माझी माहिती पुसा’ म्हणा. कंपनीनं हा कायदा मोडला तर दंड २५० कोटींपर्यंत. तो सरकारी तिजोरीत जाईल, तुमच्या पासबुकात नाही. खोटी तक्रार केलीत तर मात्र दहा हजारांपर्यंतचा दंड खास तुमचा.

कलम ३ वाचू नका, उगाच जीव दुखतो. मावशीनं फॅमिली ग्रुपवर टाकलेला तुमचा बायोडेटा (उंची, पगार, रास, नाडी, मामाकुळ) घटस्फोटानंतरही फिरतोय ना? परवाच विक्रोळीहून स्थळ आलं म्हणे. पण कुणी घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही, आणि मावशीपेक्षा घरगुती या जगात काय आहे? गोव्याचा तो फोटो तुम्ही स्वतःच सगळ्यांना दिसेल असा टाकला होतात, तोही बाद.

फारच वाटलं तर युरोपचा आदर्श ठेवा. स्पेनमधल्या एका गृहस्थांच्या मालमत्तेचा थकबाकीपायी लिलाव निघाला, १९९८ मध्ये पेपरात नोटीस आली. ती लोकांनी विसरावी म्हणून ते भांडले. २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयानं त्यांची बाजू घेतली: नाव शोधल्यावर गूगलनं ती नोटीस दाखवू नये. पेपरातली नोटीस तशीच राहिली, आणि आता जगभरची कायद्याची पोरं त्यांची थकबाकी पाठ करून मार्क मिळवतात. मी नाव लिहीत नाही. एकानं तरी विसरावं.

तर अर्ज लिहा आणि वकिलाकडे निघा. त्यांच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन वही पुढे करेल. नाव, मोबाइल, कुठून आलात, सगळं भरा. तुमच्या वरच्या ओळीतल्या बाईंचा नंबरही सहज वाचता येईल. वहीत पेनानं लिहिलेलं या कायद्यात बसतच नाही, तो फक्त डिजिटल माहितीचा.

पेन दोरीला बांधलेलं असतं. ते तेवढं सुरक्षित ठेवतात.